सुईवाली आणि गोळीवाला

आमच्या खानदानात सध्या डायबेटिसवाली दोन तरुण पोरं आहेत. एक माझ्या ताईची मनू, तिला लहानपणीच टाइप वन निघाला, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणंच जवळपास बंद, आता ती कॉलेजात आहे. दुसरा चुलतभावाचा ओंकार, त्याला बारावीनंतरच्या सुट्टीत टाइप टू निघाला, म्हणजे इन्सुलिन बनतं पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. मनूला रोज इन्सुलिनच्या चार-पाच सुया, ओंकारला जेवणाबरोबर सकाळ-संध्याकाळ गोळी. आता आमच्या कुठल्याही नातेवाइकाला विचारा की दोघांत जास्त सीरियस कुणाचं, तर डोळे झाकून मनूचं नाव घेतील. लग्नाकार्यात भेटली की तिच्या गालावरून हात फिरवणार, "गं बाई, एवढ्याशा जिवाला सुया टोचून घ्यायच्या", आणि त्याच पंगतीत ओंकारच्या पानात दुसरी जिलबी टाकणार, "घे रे, तुझं काय, गोळीवर तर आहेस".

मी डॉक्टर वगैरे नाही, पण घरात दोन-दोन फायली असल्या की माणूस वाचायला लागतो, आणि वाचता वाचता माझी सहानुभूतीची वाटणी पार उलटी झाली. मनूची काळजी मला वाटते, पण झोप उडवतो तो ओंकार.

अमेरिकेत 'सर्च' नावाचा एक मोठा अभ्यास बरीच वर्षं चालला. लहान वयात डायबेटिस निघालेली पोरं शोधायची आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. २०१७ मध्ये त्यांनी जे छापलं त्यात टाइप वनची १७४६ आणि टाइप टूची २७२ मुलं होती, दोन्हीकडे आजार होऊन सरासरी आठेक वर्षं झालेली. वयातला फरक हिशेबात धरून काढलेले आकडे असे: किडनीवर परिणाम दिसायला लागलेत अशी टाइप वनमध्ये ५.८ टक्के, टाइप टूमध्ये १९.९ टक्के. पायाच्या नसा खराब व्हायला लागल्यात, ८.५ आणि १७.७. रक्तवाहिन्या ताठरल्यात, ११.६ आणि ४७.४. आणि यातलं किंवा डोळ्याचं, बीपीचं काहीतरी एक तरी सुरू झालंय असं धरलं तर एकविशीच्या आसपास टाइप वनवाल्यांत साधारण ३२ टक्के आणि टाइप टूवाल्यांत ७२ टक्के. एकविशीत! आपल्याकडे या वयात पोरं सीईटीचे नाहीतर एमपीएससीचे क्लास लावून बसलेली असतात, किडनीचं नावसुद्धा कुणी काढत नाही.

मला पहिल्यांदा वाटलं की टाइप टूची पोरं वजनाने जास्त असतात, बीपी असतं, त्यामुळे असेल. तर त्या लोकांनी तेही बघून ठेवलंय. वजन, कंबरेचा घेर, बीपी, तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी, हे सगळं दोन्हीकडे सारखं धरून पुन्हा गणित केलं, तर रक्तवाहिन्यांच्या ताठरपणातला आणि बीपीतला फरक बराचसा गळून पडला, पण किडनी, डोळे आणि नसा यांतला फरक राहिलाच. म्हणजे नुसतं "जाडेपणामुळे होतं" म्हणून हात झटकता येत नाहीत.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉक्टरांनी तर आणखी पुढचं पाहिलं. पंधरा ते तीस या वयात डायबेटिस निघालेले लोक घेतले आणि जवळपास वीस वर्षांनी कोण जिवंत आहे ते तपासलं. टाइप टूमधले ११ टक्के गेलेले, टाइप वनमधले ६.८ टक्के. एचबीएवनसी दोन्ही गटांत जवळपास सारखंच असूनही. २०१३ चा पेपर आहे, आणि तरी अजून आपल्याकडे "इन्सुलिन चालू झालं म्हणजे संपलं, गोळीवर आहे तोवर बरं" हे वाक्य जसंच्या तसं फिरतंय.

हे वाक्य येतं कुठून ते मला माहितीये. येतं आजोबांकडून. प्रत्येक घरात एक आजोबा असतात ज्यांना साठीच्या आतबाहेर शुगर निघाली, ज्यांनी एक गोळी सकाळी एक रात्री घेतली, श्रीखंड सोडलं नाही, संध्याकाळी बागेत चक्कर मारली आणि ऐंशी पार करून गेले. आमचे अण्णा असेच. त्यामुळे ओंकारला निघालं तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "अण्णांना होतीच की. काय झालं त्यांना?" आता यात गोम अशी आहे की आजाराचं नाव तेच, गोळीचं नावही तेच, पण चाल वेगळी. अण्णांच्या शुगरला अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पुढे जेवढं आयुष्य उरलं होतं तेवढंच मैदान मिळालं. ओंकारच्या शुगरला पन्नास-साठ वर्षं मोकळी पडलीयेत. आणि त्यात ती पळतेसुद्धा जोरात.

जोरात पळते हे मी मनाने म्हणत नाहीये. अमेरिकेतच 'टुडे' नावाची ट्रायल झाली, दहा ते सतरा वयाची, टाइप टू असलेली ६९९ मुलं. एका गटाला नुसतं मेटफॉर्मिन, जे ओंकार घेतो, जे अण्णा घ्यायचे. दुसऱ्याला त्यासोबत आणखी एक गोळी. तिसऱ्याला मेटफॉर्मिन आणि शिवाय घरच्यांना सोबत घेऊन खाणं-व्यायामाचं कडक मार्गदर्शन. २०१२ ला निकाल आला: नुसत्या मेटफॉर्मिनवाल्यांपैकी ५१.७ टक्क्यांची शुगर काही वर्षांतच हाताबाहेर गेली. मार्गदर्शनवाल्या गटाची ४६.६ टक्के, म्हणजे म्हणावा असा फरक नाहीच. कारण मोठ्या माणसांच्या तुलनेत या वयात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी फार लवकर थकतात, आणि वयात येतानाच्या हार्मोन्समुळे शरीर आधीच इन्सुलिनला दाद देईनासं झालेलं असतं, दोन्ही बाजूंनी मार.

तीच मुलं मोठी झाल्यावर त्यांचं काय झालं ते २०२१ ला छापून आलं. पाचशे जण, सरासरी वय सव्वीस, आजाराला तेरा वर्षं. ब्लडप्रेशर ६७.५ टक्क्यांना. किडनीचा त्रास ५४.८ टक्क्यांना. नसांचा ३२.४. डोळ्यांचं बघा, २०१०-११ च्या तपासणीत पडद्यावर बदल होते १३.७ टक्के जणांच्या, सात वर्षांनी तपासलं तर ५१ टक्के. मी हा परिच्छेद ताईला वाचून दाखवला तर ती म्हणाली, बाई गं, हे ओंकारच्या आईला नको सांगूस. पण मग सांगायचं कुणाला? तिलाच तर सांगायला पाहिजे, फक्त जिलबीच्या पंगतीत नाही एवढंच.

त्या मार्गदर्शनवाल्या गटाबद्दल मला आणखी एक बोलायचंय, कारण ओंकारला दिवसरात्र जे ऐकून घ्यावं लागतं त्याचा त्याच्याशी संबंध आहे. हालचाल नाही, सारखा मोबाइल, वडापाव, कोल्ड्रिंक, मग होणारच. हे बोलणारे सगळे स्वतः सोफ्यावर बसून बोलत असतात हा भाग सोडा. चालणं, खाणं सांभाळणं हे हवंच, त्यात वाद नाही, पण तज्ज्ञ लोकांनी घरच्यांसकट मागे लागूनही निम्म्या मुलांची शुगर आवरली नाही, तर एकट्या पोराला आळशी ठरवून काय मिळणार? मिळतं एवढंच की तो पोरगा लपवायला लागतो. ओंकार मित्रांत कुणाला सांगत नाही. हॉस्टेलवर गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ठेवतो, आणि ट्रिपला गेला की ती डबी रूमवरच राहते.

मनूचं याच्या बरोब्बर उलटं झालं. तिचा आजार लपवण्यासारखा नव्हताच. तहान-तहान, वजन उतरलेलं, उलट्या, श्वास जोरजोरात, आणि थेट आयसीयू, कीटोन (इन्सुलिन नसलं की रक्तात साठणारी आम्लं) वाढलेले. पण त्या आठवड्यातच ताईला, भावजींना आणि मनूला स्वतःला सगळं शिकवलं गेलं. सुई कुठे टोचायची, जागा का बदलायची, शुगर लो झाली की काय करायचं, आजारी पडली तरी इन्सुलिन का बंद करायचं नाही. आज ती गणपतीत उकडीचा मोदक किचनमधल्या डिजिटल काट्यावर ठेवते, तांदळाच्या पारीचे किती कार्ब (पिष्ट-साखर) आणि गूळ-खोबऱ्याचे किती असा मनातल्या मनात हिशेब करते, इन्सुलिनच्या पेनवर युनिट फिरवते, टोचते, आणि मग मोदक खाते, वर तूप घेऊन. बघणाऱ्या मावशा-काकवांचा जीव वरखाली होतो. तिला काहीच होत नाही. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, वर्षाला एकदा डोळे, लघवी, पाय, थायरॉइड. चुकत नाही, कारण तो सिस्टिमचाच भाग आहे.

आणि हे सगळं शिकवतात त्याला कारण आहे. इन्सुलिन येण्याआधी टाइप वनला "दीर्घकाळ" असा प्रकारच नव्हता, पोरं महिन्यांत जायची. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं, पहिला डोस नीट शुद्ध नव्हता, तो लागू पडला नाही, मग तिथल्याच कॉलिप या शास्त्रज्ञांनी आणखी शुद्ध करून दिलेला दुसरा लागू पडला, आणि तो मुलगा पुढे तेरा वर्षं जगला. त्यानंतरच खरं म्हणजे हा प्रश्न जन्माला आला की जगली, पण पुढे काय? डोळे जायला लागले, किडन्या जायला लागल्या. शुगर काटेकोर ठेवली तर हे टळतं का यावर डॉक्टर लोक कित्येक दशकं भांडत होते. ते भांडण मिटलं १९९३ मध्ये, १४४१ जणांच्या डीसीसीटी या अमेरिका-कॅनडातल्या ट्रायलने. एका गटाचं एचबीएवनसी सातच्या आसपास ठेवलं, दुसऱ्याचं नऊच्या आसपास राहिलं. ज्यांचे डोळे आधी चांगले होते त्यांच्यात डोळ्यांचा त्रास सुरू व्हायचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी. मला त्यातलं सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. ट्रायल संपल्यावर दोन्ही गटांची शुगर हळूहळू सारखीच झाली, आठच्या जवळपास, पण फायदा मात्र पहिल्यांच्या पदरात बरीच वर्षं टिकून राहिला, हार्टअटॅकसुद्धा कमी आले. सुरुवातीच्या वर्षांत जे सांभाळलं ते शरीर विसरत नाही, आणि जे सांभाळलं नाही तेही विसरत नाही.

म्हणजे मनूचं सगळं छानछान आहे असं नाही हं. स्वीडनमध्ये सगळ्या पेशंटची राष्ट्रीय नोंद असते, तिथून २०१८ ला आलेला हिशेब असा की दहा वर्षांच्या आत टाइप वन झालेल्या मुलींचं आयुष्य सरासरी १७.७ वर्षांनी कमी होतं आणि मुलांचं १४.२ वर्षांनी. इन्सुलिन मोफत आणि डॉक्टर दारात असलेल्या देशात हे. आपल्याकडे तर शुगर तपासायची स्ट्रिप परवडत नाही म्हणून दिवसात एकदाच बघणारी घरं आहेत, आणि शाळेत मधल्या सुट्टीआधी बिस्कीट खाल्लं म्हणून मनूला वर्गाबाहेर उभं केल्याचं मला आठवतंय, शाळेचं नाव नाही घेत. सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप वनच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ सोबत ठेवायला परवानगी दिली, त्याच्याआधी काय करत असतील बिचारी. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांची ड्रीम ट्रस्ट १९९५ पासून गरीब घरातल्या अशा मुलांना इन्सुलिन देतेय. विदर्भात फ्रीज नसलेल्या घरी उन्हाळ्यात इन्सुलिन मातीच्या माठात ठेवतात. पंचेचाळीस डिग्रीत इन्सुलिन नासतं, आणि नासलेल्या इन्सुलिनवरची मुलगी कॉम्प्लिकेशनच्या वयापर्यंत पोचतच नाही.

आता पुण्याकडे येऊ, कारण ओंकारचं कोडं सोडवायचं तर इथेच यावं लागतं. ओंकार काही अमेरिकन अभ्यासातल्यासारखा अगडबंब नाहीये. जीन्सचा साइज चौतीस, पोट थोडं पुढे, हातपाय काटकुळे. आधी दिसली ती मान, मागच्या बाजूला काळी मखमलीसारखी कातडी. त्याची आई दोन वर्षं ती बेसन आणि लिंबू लावून घासत होती, मळ समजून. रक्तात इन्सुलिन जास्त झालं की होतं ते, काही केल्या घासून जात नाही, पण हे आपल्याला सांगतं कोण? केईएम हॉस्पिटल, पुणे इथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पावणेतीन किलोच्या आतबाहेर, पण चरबी त्या मानाने राखून, मांस कमी. बारीक पण चरबीदार. २००४ मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३, आणि अंगातली चरबी युडकिनसाहेबांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. स्वतःच्याच शरीराचा पुरावा देणारा शास्त्रज्ञ मला तरी फार आवडतो. सांगायचं काय, तर आपल्या पोरांत टाइप टू यायला जाड दिसावंच लागत नाही, त्यामुळे संशयच येत नाही, त्यामुळे निघतो तेव्हा तो आधीच काही वर्षं मुरलेला असतो.

आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने २००६ पासून पंचविशीच्या आत डायबेटिस निघालेल्यांची देशभर नोंद ठेवायला घेतली. सुरुवातीच्या साडेपाच हजार जणांत साधारण ६४ टक्के टाइप वन आणि २५ टक्के टाइप टू. चारातला एक. आणि उरलेले दहा-अकरा टक्के? तिथे भलत्याच गोष्टी आहेत. एकाच जीनमधल्या बिघाडाने होणारा मोडी नावाचा प्रकार आहे, आजी-आई-मुलगी असा सलग तीन पिढ्या चालत येणारा. त्यातल्या एका जातीत, जीसीके म्हणतात तिला, शुगर जन्मापासून थोडी वर असते आणि आयुष्यभर तेवढीच राहते. इंग्लंडमधल्या एक्सिटरच्या लोकांनी जवळपास पन्नास वर्षं अशी शुगर अंगावर असलेली माणसं तपासली तर डोळे-किडनीचं गंभीर असं जवळजवळ काही नाही. औषधसुद्धा लागत नाही, गरोदरपणात काय तेवढं बघावं लागतं. दुसऱ्या एका जातीत टाइप वन समजून वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचलेल्या काहींना स्वस्तातली जुनी सल्फोनिलयुरियाची छोटी गोळी पुरते. जीनची टेस्ट होईपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

आणि मग पोटाला न मिळाल्यामुळे होणारा डायबेटिस. हा वाचून मी सुन्न झाले होते. लहानपणी कुपोषण, अंगावर मांस नाही, विशीच्या आसपास शुगर चढलेली, पण टाइप वनसारखे कीटोन सहसा होत नाहीत. डब्ल्यूएचओने १९८५ मध्ये याला वेगळा प्रकार म्हणून जागा दिली आणि १९९९ मध्ये पुरावा कमी म्हणून काढून टाकली. वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मात्र पाठ सोडली नाही, अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर तपासण्या करून दाखवलं की ही माणसं टाइप वनही नाहीत आणि टाइप टूही नाहीत. शेवटी एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशनने त्याला टाइप फाइव्ह म्हणून मान्यता दिली. सगळ्यांना ते पटलंय असं नाही, वाद चालू आहे. पण अशा मुलाला टाइप वन समजून भरपूर इन्सुलिन दिलं आणि घरात जेवायलाच पुरेसं नसलं तर रात्रीत शुगर खाली जाऊन तो जाऊ शकतो, हे धोक्याचं आहेच, नाव काही का द्या. मेळघाट, नंदुरबार म्हटलं की आपल्याला पाच वर्षांखालची बाळं आठवतात. ती बाळं मोठी झाल्यावर त्यांची शुगर कोण बघतंय?

घरगुती पातळीवर परत येते. मनूसाठी आत्तापासून कुजबुज सुरू झालीये, स्थळ बघताना सांगायचं का, कधी सांगायचं. ताई ठाम आहे, पहिल्याच फोनला सांगायचं. ओंकारच्या बाबतीत हा प्रश्न कुणाला सुचतसुद्धा नाही, कारण मुलगा आहे, आणि गोळीवर आहे. मला दोन्ही गोष्टींचा राग येतो, दुसरीचा जास्त.

मागच्या दिवाळीत मी ओंकारला बाजूला घेऊन विचारलं, लघवीतलं अल्ब्युमिन कधी तपासलंस? तो म्हणाला, "आत्या, ते काय असतं?" डोळ्यांत ड्रॉप टाकून पडदा बघतात तसं कधी केलंस? नाही. पायाला नायलॉनचा धागा टेकवून कळतंय का विचारलं कुणी? नाही. निदान झाल्यावर त्याला मिळालं होतं एक चिठ्ठी आणि काय खायचं नाही त्याचा झेरॉक्स कागद, ज्यात सगळ्यात वर आंबा होता. खरं तर टाइप वनमध्ये या तपासण्या काही वर्षांनी सुरू केल्या तरी चालतात, कारण आजार कधी सुरू झाला ते तारखेनिशी माहीत असतं. टाइप टूमध्ये पहिल्याच दिवशी करायच्या असतात, आणि मग दरवर्षी, कारण आत किती दिवस काय चाललंय त्याचा कुणालाच पत्ता नसतो. आमच्याकडे नेमका उलटा कारभार.

मग नेलं त्याला मनूच्याच डॉक्टरांकडे. डोळे ठीक आहेत. बीपी वरच्या बाजूला. लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे किडनीवर ताण आला की गळणारं प्रोटीन, थोडं जास्त आलं, तीन महिन्यांत पुन्हा दोनदा करून खात्री करतात तसं केलं, तरी जास्तच. डॉक्टर त्याच्याशी नीट बोलले, काकांशी नाही, त्याच्याशी. किडनी सांभाळणारी एक बीपीची गोळी वाढवली, म्हणाले या टप्प्यावर सापडलं ते बरं झालं, आत्ता बरंच काही हातात आहे. मेटफॉर्मिनवर भागलं नाही तर इन्सुलिन लागेल, आणि आता दहा वर्षांवरच्या मुलांसाठी आणखीही काही औषधं आलीत, तेही सांगितलं. इन्सुलिन म्हटल्यावर काकांचा चेहरा उतरला. ओंकारचा नाही उतरला. बाहेर आल्यावर त्याने मनूला फोन लावला आणि विचारलं, पेन कुठलं चांगलं, दुखतं का. ती म्हणाली, सुईचं नको रे टेन्शन घेऊ, आधी तुझ्या रूममेटला सांगून टाक, रात्री लो झालास तर त्याला कळायला पाहिजे.

अजून सांगितलं नाहीये त्याने. पुढची तपासणी परीक्षा संपली की आहे, ती तारीख मी काकांकडे दिली नाही, त्याच्याच फोनमध्ये रिमाइंडर लावायला लावलाय.